बलभीम गुरुजींचा पालथा डाव

मोबाइलच्या उजव्या कडेनं काळा पडदा आत सरकायला लागला, तेव्हा बलभीम गुरुजींनी मोबाइल दुरुस्तीला टाकला. बेंबळीच्या स्टँडवरच्या दुकानदारानं तो उघडला, फुंकर मारली, पुसला आणि परत दिला. दुसऱ्या दिवशी पडदा आणखी आत आला. गुरुजी तणतणत पुन्हा दुकानात हजर.

“अरे, बुद्धिबळाचा पट लावला की डावीकडची पाच घरं दिसतेत, उजवीकडची तीन गायब! काय दुरुस्त केलंस तू?”

दुकानदारानं मोबाइल आधी स्वतःच्या डोळ्यांपुढं धरला, मग गुरुजींच्या डोळ्यांपुढं धरून इकडून तिकडे फिरवला, आणि फार अदबीनं म्हणाला, “गुरुजी, मोबाइल चांगला हाय. बिघाड अलीकडच्या बाजूला हाय.”

तिसऱ्या दिवशी सोलापूरच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं, फक्त जास्त शब्दांत. उजव्या डोळ्याच्या आतला पडदा सुटला होता. त्याच दिवशी ऑपरेशन झालं. डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला आणि डॉक्टर म्हणाले, “हा बुडबुडा पडद्याला आतून दाबून धरणार. त्यासाठी तुमचं तोंड जमिनीकडं पाहिजे. दहा दिवस पालथं पडायचं. जेवायचं तसंच, झोपायचंही तसंच. मान वर केलीत तर डोळ्याची खात्री मी देणार नाही.”

गुरुजींनी एकच प्रश्न विचारला. “पालथं पडून मोबाइल बघितला तर चालेल?”

“कुठल्या डोळ्यानं बघणार?” डॉक्टरांनी विचारलं.

हा प्रश्न रास्त होता. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकून बसला होता. त्या डोळ्यानं समोर माणूस उभा आहे की कपाट, एवढंच कळायचं, आणि कपाट बोललं नाही तर शेवटपर्यंत खात्री व्हायची नाही. पण गुरुजींना डोळ्यापेक्षा वेळेचीच काळजी होती. तिकडं कझाकस्तानात महिलांच्या जगज्जेतेपदाची पात्रता स्पर्धा ऐन रंगात आली होती. आठ जणी, प्रत्येकीशी दोनदा गाठ, एकूण चौदा फेऱ्या. त्यातून पहिली येणारी एकटीच जगज्जेतीशी खेळणार. सात फेऱ्या झाल्या होत्या आणि आपली राष्ट्रीय विजेती अर्पिता बिराजदार पहिलीच्या फक्त अर्ध्या गुणानं मागं होती. उरलेल्या सात फेऱ्या गुरुजींच्या पालथ्या दिवसांत येत होत्या.

अर्पिता उमरग्याकडची. गुरुजी आणि तिची एकदा समोरासमोर गाठ पडली होती. धाराशिवला जिल्ह्याची स्पर्धा होती, ती आठ वर्षांची होती, आणि खुर्चीवर बसल्यावर तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. एकोणिसाव्या चालीला तिनं गुरुजींना मात दिली आणि आईकडं जाऊन चिवडा खाल्ला. त्या दिवसापासून गुरुजी तिचे भक्त झाले. ती पुढं जसजशी मोठमोठ्यांना हरवत गेली, तसतसा गुरुजींचा तो पराभव मानाचा होत गेला.

दुसऱ्या दिवशी सोलापूरहून जीपच्या मागच्या सीटवर पालथं पडून ते घरी आले, तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. आठवी फेरी साडेतीनला होती. त्यांच्या बायकोनं, मथुराबाईंनी, खाटेवर दोन उशा अशा लावल्या की मधल्या फटीत गुरुजींचं नाक बसावं. चहा कपातून नळीनं प्यायचा होता. तो पिऊन झाल्यावर गुरुजी फटीतून म्हणाले, “अगं, मोबाइल घे आन् इथं बस. आता माझे डोळे तूच.”

“मला त्यातलं काय कळतंय?”

“कळायची गरज न्हाय. वाचायचं फक्त. सातवीपर्यंत शिकलीस ना? ए बी शी डी येती?”

“येती की. पण सोंगट्या वळखू याय नकोत का? ह्ये बगा, तुमी ज्याला उंट म्हनता त्याला ना पाय ना मदार. चीर दिलेलं भरलं वांगं दिसतंय ते.”

“तेच उंट. हत्ती कोणता ते सांग.”

“हत्ती न्हाय. किल्ल्याचा बुरूज हाय.”

“तोच हत्ती.”

मथुराबाईंनी कपाळावर हात मारला, पण त्या बसल्या. चार डाव एकाच वेळी चालणार होते. पडद्यावर चार छोटे पट आणि परदेशी नावांची गर्दी. “ह्यातली तुमची पोरगी कंची?” त्यांनी विचारलं.

“नावं वाचत बसू नको. तिरंगा बघ. आज तिला काळी सोंगटी हाय.”

मथुराबाईंना तिरंगा दिसला. शेजारी काळी सोंगटीही दिसली. त्यांनी तो पट मोठा केला आणि वाचायला सुरुवात केली. “घोडा, एफ, सहा... वांगं, जी, सात...”

गुरुजींनी डोळे मिटून, म्हणजे एक बांधलेला आणि एक मिटून, मनात पट मांडला. चाल आली की त्यांचे पाय खाटेवर हलायचे. पंधराव्या चालीला ते म्हणाले, “बघितलंस? ही खास अर्पिताची पद्धत. बाजूनं दाबत येती. माझ्याशी बी अशीच खेळली व्हती.” बाविसाव्या चालीला समोरचीचा हत्ती पडला, तेव्हा ते म्हणाले, “हा डाव मी झोपेत बी ओळखला असता.” साडेसातच्या सुमारास मथुराबाई म्हणाल्या, “हात मिळवला. आपल्या झेंड्याफुडं एक आकडा आला. तिकडं भोपळा.”

“जिंकली!” गुरुजी उशीत ओरडले.

ही बातमी घेऊन जायला महेबूब होताच. महेबूबची स्टँडजवळ पिठाची गिरणी. तो गुरुजींचा बुद्धिबळातला तीस वर्षांचा जोडीदार, आणि तीस वर्षं हरूनही त्यानं यायचं सोडलं नव्हतं. डोळ्याची चौकशी करायला आला तो ही बातमी घेऊन गेला. गिरणीवर ती उपसरपंच दिग्विजयच्या कानावर पडली. दिग्विजयला फ्लेक्स लावायला निमित्त लागत नसे, पण मिळालं तर तो नको म्हणत नसे. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला स्टँडवर दहा फूट बाय आठ फूट फ्लेक्स उभा राहिला. मधोमध गॉगल लावलेला दिग्विजय, कोपऱ्यात अर्पिता, आणि खाली मजकूर: ‘बेंबळीचे भूषण बलभीम गुरुजी यांच्या मार्गदर्शनाखाली घडलेल्या अर्पिताताई यांच्या दणदणीत विजयाबद्दल हार्दिक अभिनंदन!’

साडेसातला पेपर आला. आठला दिग्विजय गुरुजींच्या खाटेशी आला.

“गुरुजी, ताई हरल्या की!”

“कोण म्हणतं?”

“पेपरात छापलंय. ‘अर्पिताचा धक्कादायक पराभव.’ फोटो बी हाय, तोंड पाडून बसलेला.”

“छपाईची चूक,” गुरुजी जमिनीला म्हणाले. “म्या सगळा डाव ऐकलाय. बाविसाव्या चालीला हत्ती मारलाय तिनं. तू संपादकाला फोन लाव, मी बोलतो.”

दिग्विजय खरोखरच फोन लावायला निघाला होता. तेवढ्यात मागं उभ्या असलेल्या महेबूबनं चष्मा लावून आपल्या मोबाइलवर निकाल काढला. तो त्यानं दोनदा वाचला. मग हळूच म्हणाला, “गुरुजी, हत्ती मारला त्ये बरोबर हाय. पण त्यो तमिळनाडूच्या पोरीनं मारला. ह्या स्पर्धेत आपल्या देशाच्या दोन पोरी हायती. काल दोघींना बी काळी व्हती.”

गुरुजींना दुसरी मुलगी माहीत नव्हती असं नाही. अर्पितापुढं ती त्यांच्या ध्यानातच राहिली नव्हती. पण माणूस पालथा असला तरी नवरा असतो. ते ओरडले, “सातवीपर्यंत शिकलीस आन् एक नाव वाचता येईना? गावात तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाईस!”

“तोंड तुमाला तसं बी धा दिस दाखवायचं न्हाय,” मथुराबाई म्हणाल्या. “नाव वाचू नको, तिरंगा बग, असं कोन म्हनलं? आन् झोपेत डाव वळखनारं कोन व्हतं?” एवढं बोलून त्यांनी मोबाइल खाटेच्या कडेला ठेवला आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या.

दिग्विजय फ्लेक्सच्या विचारात होता. काढला तर गावाला कळणार, ठेवला तर पेपर वाचणारे हसणार. त्यानं पेंटरला बोलावून ‘विजयाबद्दल’च्या आधी एक पट्टी चिकटवून घेतली. पट्टीवर लिहिलं होतं: ‘आगामी’.

दुपारी नववी फेरी. मथुराबाई भाजी निवडत बसल्या होत्या, पण हाकेला ओ देत नव्हत्या. गुरुजींनी महेबूबला बसवलं. महेबूबला पट वाचता येत होता, अडचण दुसरीच होती. बाराव्या चालीला लाईट आली आणि गिरणीवरून हाका सुरू झाल्या. “गुरुजी, धा डबे खोळंबलेत. लाईट पाचपर्यंतच हाय. एवढं दळून येतो,” म्हणत तो गेला.

आता खोलीत गुरुजी, फरशी आणि मोबाइल. त्यांनी हात लांबवून मोबाइल चाचपला, फरशीवर ठेवला आणि डावा डोळा ताणला. पांढऱ्या डागावर काळा डाग दिसला. तो घोडा असेल, उंट असेल किंवा मुंगी असेल. त्यांनी मान थोडी, अगदी थोडी तिरकी केली. उजव्या डोळ्यात कळ गेली आणि घाबरून त्यांनी नाक पुन्हा फटीत घातलं. तिकडं पोरगी एका पराभवानंतर लढत होती आणि इथं आपल्याला तिची एक चाल कळत नव्हती. अर्धा तास ते तसेच पडून राहिले. शेवटी फटीतून म्हणाले, “अगं... चूक माझी व्हती.”

स्वयंपाकघरातून पदर खोचल्याचा आवाज आला. मोबाइल फरशीवरून उचलला गेला. “ए, आर, पी, आय, टी, ए,” मथुराबाई ठासून म्हणाल्या. “शेजारच्या हर्षालीकडून सकाळीच लिवून घेतलंय हातावर. मिरची निवडताना बी पुसू दिलं न्हाय. आता बोलू का? पंधरावी चाल. बुरूज, डी, एक.”

त्या दिवशी बरोबरी झाली. मथुराबाईंना ते अजिबात पटलं नाही. “पाच तास बसून बरोबरी? मग सकाळीच सांगायचं की एकमेकींना, दोघी बी घरी गेल्या असत्या.”

पण हळूहळू त्या वाचता वाचता थांबायला लागल्या. “तिनं घोडा तिथं का घातला?” दहाव्या फेरीत त्यांनी विचारलं. गुरुजींनी सांगितलं. अर्पिता जिंकली. अकराव्या फेरीत त्यांनी विचारलं, “हे प्यादं फुडं ढकललं असतं तर?” गुरुजी म्हणाले, “तर मार बसला असता.” दोन चालींनी अर्पितानं तेच प्यादं पुढं ढकललं. गुरुजींनी नळीनं पाणी मागितलं. बाराव्या फेरीपर्यंत स्वयंपाक साडेतीनच्या आत उरकला जाऊ लागला, आणि भाकरी कधी कधी एकाच बाजूनं भाजलेली येऊ लागली. गुरुजींना ती तशीही दिसत नव्हती. बाराव्या फेरीत अर्पिता पुन्हा जिंकली, तेराव्यात बरोबरी झाली.

चौदावी फेरी शेवटची, आणि गाठ पहिल्या नंबरवरच्या जॉर्जियाच्या बाईशीच. अर्पिता अजून अर्ध्या गुणानं मागंच होती. जिंकली तर जगज्जेतीशी खेळणार. बरोबरी झाली तरी संपलं.

त्या दुपारी घरात गर्दी झाली. महेबूब गिरणीला कुलूप घालून आला. दिग्विजय चार माणसं घेऊन आला. सगळ्यांच्या खिशात मोबाइल होते, पण मथुराकाकूंनी वाचल्याशिवाय चाल झाली असं कुणी धरेना. गुरुजी उशीत नाक घालून मधोमध. “उंट, ई, तीन,” मथुराबाई वाचत होत्या. आता त्या वांगं म्हणत नव्हत्या.

चार तास गेले. एकतिसाव्या चालीला मथुराबाईंचा आवाज बंद झाला.

“फुडं?” गुरुजी म्हणाले.

मथुराबाईंनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला.

“अगं, चाल काय झाली?”

“थांबा.”

“थांबा काय? महेबूब, काय झालं रे?”

“गुरुजी...” महेबूबनं चष्मा पुढं ओढला. “पोरीनं वजीर दिला.”

“वजीर दिला? कशावर दिला? आंधळी झाली का ती?” गुरुजींच्या मनातला पट विस्कटला. घोडा कुठं होता, हत्ती कुठं होता, काही आठवेना. आठ दिवस जीव मुठीत धरून पाळलेलं पथ्य ते एका क्षणात विसरले आणि कोपरांवर जोर देऊन उठायला लागले. मान वर येणार, तोच एक भक्कम हात त्यांच्या डोक्यावर पडला आणि डोकं परत उशीत गेलं. मथुराबाईंची नजर मोबाइलवरून हललीही नव्हती.

“डोळा घालवायचाय का? गप पडा. मी बगतीय न्हवं का?” त्या म्हणाल्या. हात त्यांनी डोक्यावर तसाच ठेवला. “वजीर दिला, पन बदल्यात हत्ती आन् उंट घेतला. आता हिच्याकडं दोन हत्ती आन् घोडा. तिच्याकडं नुसता वजीर. वाचते. मधी बोललात तर न्हाय वाचनार.”

गुरुजी मधे बोलले नाहीत. मथुराबाई एकेक मोहरा सांगत गेल्या आणि अंधारात पट पुन्हा उभा राहिला. अर्पिता जिंकत होती. मग मथुराबाईंचा आवाज बदलला.

“वजीर, ई, एक. शह. राजा, एच, दोन. वजीर, एच, चार. शह. राजा, जी, एक.”

गुरुजींचे पाय हलायचे थांबले.

“वजीर, ई, एक. शह. राजा, एच, दोन... अवो, ही बया तेच तेच करायलीय. एच, चार. शह. दुसरी चालच करंना!”

“करणार न्हाय,” गुरुजी म्हणाले. “तिला दुसरं काय करायचंच न्हाय. राजाला सुटू द्यायचं न्हाय, बस्स. तीनदा तेच झालं की बरोबरी.”

“बरोबरी? हिच्याकडं तीन मोहरे हायती!”

“तरी बी.”

कुणीतरी मोबाइलवर बघून “हात मिळवला” म्हणालं. अर्धा गुण कमी पडला. दिग्विजयनं गॉगल काढून पुसला आणि परत खिशात ठेवला. माणसं एकेक करून उठली. महेबूब दारात म्हणाला, “लई झुंजली पोरगी,” आणि चपला घालायला लागला. गुरुजी उशीत होते, त्यामुळं त्यांच्या डाव्या डोळ्याचं काय झालं ते कुणाला दिसलं नाही. मथुराबाईंचा हात अजून डोक्यावरच होता, फक्त आता दाब नव्हता.

“उद्या कुनाबर हाय तिचं?” त्यांनी विचारलं.

“उद्या न्हाय. झालं की आता. पुढची संधी दोन वर्षांनी.”

“दोन वर्सं!” मथुराबाई म्हणाल्या. “आन् तवर आमी काय करावं?”

अकराव्या दिवशी सोलापूरला डॉक्टरांनी डोळा तपासला, पडदा जागेवर बसल्याचं सांगितलं आणि आता हवं तसं झोपा म्हणाले. उजव्या डोळ्याला अजून सगळं पाण्याखालून बघितल्यासारखं दिसत होतं, पण माणूस आणि कपाट वेगळं कळत होतं. जीपमध्ये गुरुजी सरळ बसले आणि सबंध वाटेत एकाच गोष्टीविषयी बोलले. घरी गेल्या गेल्या उताणं पडायचं. छत बघायचं. काही करायचं नाही.

घरात पाऊल टाकलं आणि खाटेशेजारी स्टुलावर काहीतरी मांडलेलं दिसलं. ते जवळ गेले. त्यांचाच जुना लाकडी पट होता. त्यावर मोजकेच मोहरे: दोन हत्ती, घोडा, काही प्यादी, आणि कोपऱ्यातल्या पांढऱ्या राजाच्या मागं लागलेला काळा वजीर.

“हे काय?”

“काय म्हंजे? पोरगी अडकलीय ती जागा.” मथुराबाईंनी पिशवी ठेवली आणि पाट ओढून स्टुलासमोर बसल्या. “काल दिवसभर मी बसले व्हते. राजा जीवर गेला की ती एकवर येती, एचवर गेला की चारवर. पन त्याच्या आदी, घोडा मागं घेतला असता तर? मला वाटतंय ती सुटली असती.”

“सुटत न्हाय गं. जगातल्या मोठमोठ्यांनी बघितलंय ते.”

“त्यांनी बगितलं आसंल. मी अजून बगितलं न्हाय.”

“अगं, धा दिवस पालथा पडलोय मी. मला आधी उताणं पडू दे!”

“पडा की. मी कुठं नको म्हनलं?” मथुराबाईंनी उशी सरळ करून दिली. गुरुजी आडवे झाले. पाठ खाटेला टेकली आणि त्यांच्या तोंडून समाधानाचा लांब सुस्कारा निघाला. तो पुरता संपायच्या आत स्टुलाकडून आवाज आला.

“उताणं पडून बी ऐकू येतंय तुमाला. राजा, जी, एक. प्यादं, जी, दोन. घोडा, डी, पाच...”

गुरुजींनी क्षणभर छताकडं बघितलं. मग त्यांनी डोळे मिटले आणि पट मांडायला घेतला.

“हत्ती सांग,” ते म्हणाले. “दोन्ही.”